पत्रे पुष्कळ, मते किती?

वाशी स्थानकाबाहेर मांडलेली मराठी दैनिकांची चळत पाहून आमचे काही विद्वान मित्र समाधानाने म्हणतात की, एवढी पत्रे जेथे खपतात तेथे लोकमत दडपले जाते ही ओरड निव्वळ कांगावा होय. युक्तिवाद मोठा गोड आहे. परंतु मडकी वीस असली आणि पाणी एकाच आडाचे असले, तर तहानलेल्याने मडकी मोजावीत की पाणी चाखून पाहावे?

आमचा रोख पक्षपत्रांवर आहे असा गैरसमज मात्र कोणी करून घेऊ नये. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सुमारे सहा वर्षे चालला. त्याच धामधुमीत, १९३७ साली, नारायण नागू पाटलांचे ‘कृषीवल’ निघाले ते कुळांचा कैवार घेण्यासाठीच. अत्र्यांचा ‘मराठा’ १९५६ साली संयुक्त महाराष्ट्रासाठी जन्मला. ‘सामना’ कोणाचा, हे शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. माल्टासारख्या चिमुकल्या राष्ट्रात तर दोन्ही प्रमुख पक्ष आपापल्या दूरचित्रवाहिन्या बाळगून आहेत. हे काही आदर्श चित्र नव्हे. तथापि पाटी लावून बसलेल्या वकिलाचे बोलणे आपण वकिलाचे म्हणूनच ऐकतो. भय वाटते ते न्यायाधीशाचा झगा पांघरलेल्या वकिलाचे.

१९५६ च्या एका कायद्याने पानांच्या संख्येनुसार दैनिकाची किंमत ठरविण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. हेतू सांगितला तो लहान पत्रांच्या रक्षणाचा. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. निकाल योग्यच होता. कोणी किती छापावे हे मोजण्याची कात्री सरकारच्या हाती देणे कधीच शहाणपणाचे नसते. पण त्या विजयाच्या उशीवर डोके ठेवून आपण निजलो, त्याचे काय? सरकारची कात्री गेली. मालकाची आणि जाहिरातदाराची राहिली. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली काढलेल्या त्याच ‘सकाळ’ची सूत्रे १९८५ साली पवार कुटुंबाकडे गेली. ‘लोकमत’कार जवाहरलाल दर्डा राज्याच्या मंत्रिमंडळात बसले. नारायण राणे यांचे ‘प्रहार’ २००८ साली निघाले. या पत्रांनी अमुक बातमी दडपली असा आरोप आम्ही करीत नाही. त्यांतील अनेक संपादक व वार्ताहर सचोटीचे असतील, किंबहुना आहेत. परंतु वाचकाचा हक्क एखाद्या व्यक्तीच्या सचोटीवर टांगून ठेवणे ही व्यवस्था नव्हे.

आता या नगरीकडेच पाहा. सिडकोची स्थापना १९७० ची. ९५ गावांच्या भूमीवर हे शहर उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, त्यानंतर कुठे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. येथे राजकारण म्हणजे जमीन, आणि जमीन म्हणजे राजकारण. आणि पत्रांची पाने कोणाच्या पैशाने भरतात? सिडकोच्या भूखंडांच्या लिलावसूचना, महापालिकेच्या निविदा, गुढीपाडव्यास पहिले पान झाकून टाकणारे गृहबांधणीवाले, आणि लोकनेत्यांच्या वाढदिवसांच्या हसऱ्या छब्या! ज्या भूखंडाची चौकशी व्हावयास हवी, त्याचीच जाहिरात तिसऱ्या पानावर असेल, तर ती चौकशी कितव्या पानावर छापावी? मे २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा अंमल चालला. सभागृहात विचारणारे कोणी नव्हते, तेव्हा प्रश्न विचारण्याचे सारे ओझे पत्रांवर होते. ते किती पत्रांनी उचलले, हे प्रत्येकाने आपल्या घरच्या रद्दीत शोधावे.

कोणी म्हणेल, आता हातोहाती दूरध्वनी आहे, पत्रांची मातबरी ती काय! खरे आहे, परंतु त्यावरून धावणारी बातमी मुळात महापालिकेच्या कचेरीत जाऊन कोणीतरी आणावीच लागते, आणि त्याचा पगार कोणीतरी द्यावाच लागतो.

१९५६ च्या नियमांनी पत्रांस वर्षातून एकदा मालकाचे नाव छापावयास लावले. मालक कोण हे कळले. अन्नदाता कोण हे कळले नाही. सिडको, महापालिका व राज्य सरकार यांनी कोणत्या पत्रास किती रुपयांच्या जाहिराती दिल्या, याची यादी दर तिमाहीस आपण होऊन प्रसिद्ध करावी आणि पत्रांनीही आपल्या दहा मोठ्या जाहिरातदारांची नावे छापावीत, एवढीच आमची मागणी आहे. ती मान्य होईपर्यंत माहितीच्या अधिकाराचा कायदा आहेच. सिडकोची कचेरी बेलापुरास आहे, आणि अर्ज एका पानात मावतो.