विश्लेषण : पाच मिनिटांच्या रॉकेटझेपेत ‘डार्क मॅटर’ सापडेल?

बार्शीटाकळीत मे महिन्यात कितीही ऊन तापले, तरी सूर्याचे क्ष-किरण तिथे पोहोचत नाहीत. वातावरण ते वरच्या वर शोषून घेते. जगण्यासाठी हे वरदान, खगोलशास्त्रासाठी अडसर. रेडिओ लहरी जमिनीपर्यंत येतात म्हणून खोडदला जीएमआरटी उभी राहिली. क्ष-किरणांची दुर्बीण मात्र वर न्यावीच लागते.

१८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी यांच्या गटाने रॉकेटवरून ‘स्कॉर्पियस एक्स-१’ हा सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत शोधला. वेळ मिळाला जेमतेम सहा मिनिटे.

इतक्या कमी वेळात काय दिसणार?

डार्क मॅटर म्हणजेच कृष्णद्रव्य प्रकाश देत नाही. मात्र ते ‘स्टेराइल न्यूट्रिनो’ या कल्पित कणांचे असेल, तर त्यांच्या क्षयातून मंद क्ष-किरण निघावेत. २०१४ मध्ये दीर्घिका समूहांत ३.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला तशी खूण आढळली. नंतर काहींना दिसली, काहींना नाही. वाद मिटलेला नाही.

इथे रॉकेटची बाजू भक्कम आहे. आकाशगंगेचे कृष्णद्रव्य आपल्या चहूबाजूंनी पसरलेले असल्याने टोकदार नजरेची गरज नाही. आकाशाचा मोठा तुकडा एकदम पाहणारे अतिथंड संवेदक पाच मिनिटांतही कामाची माहिती देतात.

अमेरिकेच्या ‘मायक्रो-एक्स’चे पहिले उड्डाण २०१८ मध्ये फसले; रॉकेट लक्ष्याकडे वळलेच नाही. पण उपकरण पॅराशूटने वाळवंटात उतरले, दुरुस्त झाले आणि २०२२ मध्ये त्याने ‘कॅसिओपिया ए’ हा ताऱ्याच्या स्फोटाचा अवशेष टिपला. जपानचा हितोमी उपग्रह २०१६ मध्ये उड्डाणानंतर काही आठवड्यांतच निकामी झाला. तो खाली आणून दुरुस्त करण्याची सोय नव्हती.

भारत कुठे?

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने १९६०च्या दशकातच थुंबाहून क्ष-किरण मापक पाठवले होते. पुढे लक्ष उपग्रहांकडे गेले. ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’साठी मुंबईच्या टीआयएफआरने दुर्बीण घडवली. तिचे आरसे किरणांना अगदी तिरके झेलतात. महानच्या धरणावर चपटा दगड तिरका फेकला की उड्या मारतो, वरून सोडला की बुडतो, तसेच हे. पण मंजुरी ते उड्डाण यांत दहाहून अधिक वर्षे गेली.

इस्रोकडे आरएच-५६० हे संशोधन रॉकेट आहे. अडचण एकच : आपली रॉकेट समुद्रात पडतात. ती सुटण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गगनयानची चाचणी कुपी बंगालच्या उपसागरातून सुखरूप काढली गेलीच. तसे दुर्बिणीचे झाले, तर अकोल्याच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यालाही पदवीच्या चार वर्षांत एक उपकरण बांधलेले, बिघडलेले आणि पुन्हा उडालेले पाहता येईल.