दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी नाशिकमध्ये इंदिरानगरच्या ओट्यांवर, गॅलऱ्यांत कणकेचा एक दिवा दक्षिणेकडे तोंड करून लागतो. यमासाठी. एरवी ती दिशा आपण टाळतो. ऐन सणात मरणाची आठवण ठेवणारी ही आपली दिवाळी, म्हणून यंदाचा अंक मरणाच्या गोष्टीनेच उघडतो आहोत.

घरात माणूस गेलं की शेजारी पहिलं विचारतात, ‘कधी काढणार?’ कुणाला दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायचा असतो. कुणी पंचक लागलंय का म्हणून गुरुजींना फोन लावतं. मुसलमान शेजाऱ्याला दफन लांबवायचं नसतं. म्हातारपणाने घरीच वारलेल्या माणसाच्या बाबतीत कायदा मध्ये येत नाही. डॉक्टरांचा दाखला मिळाला की अमरधाम स्मशानभूमीची वाट मोकळी.

अडतं ते अपघातात. आग्रा रोडवर दुपारी चारला माणूस गेला आणि पंचनाम्यातच अंधार पडला, की देह शवागारात आणि घरचे बाहेर बाकावर, सकाळपर्यंत. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन नाही, ही इंग्रजांच्या अमदानीतली रीत. दिव्याच्या उजेडात जखमेचा रंग नीट कळत नाही, असं तिचं कारण सांगत. 15 नोव्हेंबर 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ती मोडली. पुरेसा उजेड आणि सोयी असलेल्या रुग्णालयात आता रात्रीही शवविच्छेदन करता येतं. त्याचं चित्रीकरण मात्र करावं लागतं. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह, घातपाताचा संशय अशी प्रकरणं यातून वगळली आहेत. हे वगळणं मला पूर्ण पटतं. जळालेला देह पुन्हा तपासता येत नाही. तिथे श्रद्धेने थांबावं. याच धास्तीपोटी काही ठिकाणी सगळ्यांनाच थांबवतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मृत्यूनंतर 48 तास दहनच करता येत नाही, मग घर मराठी असो की आणखी कुणाचं.

पण संशय नसताना केवळ सोयीसाठी थांबवणं हा अन्याय आहे. लंडनच्या एका भागात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ठरवलं, धर्माच्या कारणावरून कुणाचाही देह आधी हाती घेणार नाही. ज्यूंच्या एका दफनसंस्थेने दाद मागितली आणि 2018 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो नियम बेकायदा ठरवला. सरसकट एकच रांग म्हणजे समता नव्हे, हे त्या निकालाने दाखवलं. श्रद्धा खरी की खोटी हे सरकारने ठरवायचंच नाही. रात्री जागा असलेला एक डॉक्टर, भरपूर उजेड आणि वेळेवर झालेला पंचनामा, एवढंच आपल्याकडे शवागाराबाहेर ताटकळणाऱ्या घरांचं मागणं आहे.

नाशिकच्या प्रत्येक शवागाराबाहेर मराठीत पाटी लागावी: इथे रात्री शवविच्छेदन होतं की नाही, आणि त्यासाठी कुणाला भेटायचं. वाचकहो, अशी रात्र शेजारच्या घरावर आली, तर त्या घरातल्यांना बोलायचं भान नसतं. त्यांच्या वतीने तुम्ही पुढे व्हा, 2021 चा निर्णय सांगा आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारा.