बदलून बघू

"तुमच्याकडे अमेरिकेत बरं असतं. गाडी बिघडली की मशीन लावायचं, मशीन सांगतं काय गेलंय, तो पार्ट बदलायचा. झालं." पुण्याला आलो की हे वाक्य निदान तीनदा तरी ऐकायला मिळतं. आजवर मी मान डोलावून चहा पीत आलो. आता मात्र भांडायचं ठरवलंय.

तर झालं असं. मी राहतो मिशिगनमध्ये. शेजारी एक मेक्सिकोहून आलेला गृहस्थ आहे, लोकांची घरं रंगवतो. त्याच्याकडे १९९५ सालचा पिकअप ट्रक. शिड्या, रंगाचे डबे, कॉम्प्रेसर, सगळा संसार मागच्या हौद्यात. ट्रक चालू झाला नाही तर त्या दिवशीची मजुरी बुडाली, कारण इथे कोपऱ्यावरून एसटी मिळत नाही आणि बारा फुटी शिडी घेऊन बसमध्ये चढताही येत नाही.

गेल्या जानेवारीत ट्रक सकाळी कुरकुरायला लागला. चावी फिरवली की इंजिन जड जड फिरायचं, कधी नुसताच 'टक' असा आवाज. दुपारी तोच ट्रक गुपचूप चालू व्हायचा. पार्टच्या दुकानात बॅटरी फुकट तपासून देतात (आणि तिथेच नवी विकतातही, हा केवळ योगायोग). बॅटरी बदलली, १८५ डॉलर. चार दिवस बरं वाटलं, कारण थंडी जरा निवळली होती. पुन्हा तेच. गॅरेजवाला म्हणाला, अल्टरनेटर चार्ज करत नसेल, बदलून बघू. ४६० डॉलर. पुन्हा तेच.

मग त्याने मला विचारलं. मी डॉक्टरेटवाला माणूस, मल्टिमीटर घेऊन ऐटीत उतरलो. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंतची अर्थिंगची केबल ओहममध्ये मोजली, ०.२ ओहम. मी म्हटलं, अर्थिंग उत्तम आहे, तुझा स्टार्टरच गेलाय. त्याने माझ्या शब्दावर स्टार्टर बदलून घेतला. ३९० डॉलर. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा 'टक'.

तीन नवेकोरे पार्ट, हजारावर डॉलर, आणि दुखणं जागच्या जागी. त्यातला तिसरा पार्ट माझ्या नावावर.

आता माझी चूक बघा, कारण बारावीच्या मुलालाही ती पकडता यावी. मीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवले तरी तो ०.२ ओहमच दाखवत होता! म्हणजे मी केबल मोजलीच नव्हती, माझ्याच मीटरच्या वायरी मोजल्या होत्या. स्टार्टर इंजिन फिरवताना दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. २०० अँपिअरला ०.०१ ओहम आडवा आला तरी २ व्होल्ट तिथेच खर्च होतात. ०.०१ ओहम या मीटरला दिसत नाही. करंट वाहत नसताना सडकी केबलसुद्धा साळसूद दिसते.

तेव्हा मोजायचं ते सेल्फ मारताना. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, कॉइलची वायर काढलेली (म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही). मीटर व्होल्टवर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा थेट इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. शेजाऱ्याला म्हटलं, मार सेल्फ. तिथे ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. आलं २.६. पॉझिटिव्हच्या बाजूला ०.३, म्हणजे ठीक. त्याच क्षणी बॅटरीवर ११.३. करा वजाबाकी: स्टार्टरच्या वाट्याला जेमतेम ८.४ व्होल्ट. बॅटरी बिचारी देत होती, केबल मध्येच खात होती. पहाटे इंजिनचं तेल घट्ट, करंट जास्त, म्हणून खाणंही जास्त. दुपारी सगळं आलबेल. आणि सेल्फ मारताना हेडलाइट फारसे मंद होत नव्हते, हे शेजाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याच्या ट्रकमध्ये बॉडीची अर्थिंग बॅटरीवरून वेगळी आहे. बॅटरी मेलेली असती तर दिवे आधी विझले असते. ऐकलं कुणीच नाही, मीही नाही.

केबल सोडवली. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते वर्षानुवर्षं आत झिरपून, लगच्या आत, रबराखाली, तांब्याची हिरवी भुकटी झाली होती. बाहेरून केबल काळी कुळकुळीत, देखणी. नवी केबल १४ डॉलर, वायर ब्रशने ब्लॉकवरचा गंज घासायला वीस मिनिटं. पुन्हा मोजलं, ०.१ व्होल्ट.

आता त्या मशीनबद्दल. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व कार आणि हलक्या ट्रकना ओबीडी-२ची जोडणी सक्तीची झाली. हा ट्रक त्याच्या एक वर्ष आधीचा. पण नवा असता तरी काय? मशीन सांगतं की अमुक सर्किटमध्ये गडबड आहे. अमुक पार्ट मेला असं ते सांगत नाही. ते वाक्य माणूस पदरचं घालतो. आणि बॅटरीची जाड केबल सडलीय हे मशीनला बहुधा कळतही नाही.

मग गॅरेजवाले मोजत का नाहीत? येत नाही म्हणून नव्हे. इथल्या कित्येक गॅरेजात मेकॅनिकला कामागणिक ठरावीक तास मिळतात. स्टार्टर बदलला की तास लागतात, विचार केला तर लागत नाहीत. मला त्याच्या पोटाचं समजतं. पण ही सबब पाच मिनिटांच्या चाचणीला लागू नाही. न मोजता 'बदलून बघू' म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने अंदाज खेळणं. जुने पार्टही परत मिळत नाहीत, कारण डिपॉझिट सुटावं म्हणून ते दुकानात जमा होतात. चांगला स्टार्टर गेला तो गेलाच.

आणि मी? ओहमचा नियम मी चार वर्षं 'शिकलो'. प्रॅक्टिकलला रीडिंग आधी जर्नलमध्ये लिहायचं, मग जुळवायचं, सरांची सही, सबमिशन संपलं. मीटर स्वतःही सर्किटचा भाग असतो हे परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, हाताला ते कधी शिकवलं नाही. आपल्याकडचा ऑटो इलेक्ट्रिशियन दोन वायरी जोडलेला बल्ब घेऊन फिरतो, त्याला आपण हसतो. तो बल्ब मिलीओहम पकडणार नाही हे खरं, पण थोडा तरी लोड टाकून बघायचं एवढी अक्कल त्या बल्बात आहे. माझ्या ओहममीटरात ती नव्हती.

स्टार्टरचे ३९० डॉलर मी शेजाऱ्याला देऊ केले. त्याने घेतले नाहीत, त्याऐवजी मला त्याच्याबरोबर पुलाव घेऊन बसावं लागलं. गॅरेजवाल्याने अर्थातच काही परत दिलं नाही, बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाहीत अशी पाटीच आहे.

परवा पुण्याहून मावसभावाचा फोन. गाडी सकाळी स्टार्ट होत नाही, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात बॅटरी बदला. मी विचारलं, सेल्फ मारताना किती व्होल्ट आले? तो म्हणाला, "दादा, ते कुठे मोजतात? त्यांनी वॉरंटी कार्ड बघितलं."