राखणीच्या कुत्र्याचे दुखणे आणि तपासणीचा खर्च

शेतकऱ्याच्या गोठ्यात गाय किंवा बैल आजारी पडला, तर काय करावयाचे याविषयी घरात सहसा दुमत होत नाही. जनावराची किंमत ठाऊक असते, त्याच्या दुधाचा वा कामाचा हिशेब डोळ्यांपुढे असतो, आणि उपचाराचा खर्च त्या हिशेबात बसतो किंवा बसत नाही. दारचा कुत्रा आजारी पडला म्हणजे मात्र हा ताळा जुळत नाही. तो बहुधा विकत घेतलेला नसतो, त्याच्यापासून रोख उत्पन्न नसते, आणि तरीही तो गेला तर वस्ती सुनी होते. म्हणून त्याच्या दुखण्यात पैसा किती घालावा, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. या प्रश्नाचा विचार शांतपणे व्हावा, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला आहे.

दिंडोरी तालुक्यातील एका मळ्यावर, द्राक्षबागेच्या गोडी छाटणीच्या दिवसांत, प्रस्तुत लेखकास जाण्याचा प्रसंग आला. पडवीत आठ-नऊ वर्षांचा गावठी कुत्रा निपचित पडला होता. चार दिवस अन्न नाही, हिरड्या पांढुरक्या, आणि सकाळपासून नाकातून रक्त. मुलाने त्याला नाशिकला दाखवून आणले होते. तेथून रक्ताच्या निरनिराळ्या तपासण्या, सोनोग्राफी आणि आणखी एक महागडी चाचणी अशी यादी हाती आली होती. सर्व मिळून खर्च काही हजारांच्या घरात जात होता. घरातील वडीलधारे आबा म्हणाले, “अरे, एवढ्या पैशांत बागेला दोन फवारण्या होतील. कुत्र्यासाठी कोणी असा खर्च करतो काय?” मुलगा खाली मान घालून म्हणाला, “आबा, रात्रीच्या पाळीला पाणी भरताना बिबट्याची चाहूल तोच देतो. तेव्हा आपण त्याला कुत्रा म्हणत नाही.” मग दोघांनीही लेखकाकडे पाहिले.

दोघांचेही म्हणणे खरे होते. छाटणीच्या वेळी बागाईतदाराच्या हाती रोख पैसा नसतो. मजुरी, औषधे व खते यांची उधारी डोक्यावर असते आणि माल निघावयास कित्येक महिने अवकाश असतो. उलटपक्षी, कादवाकाठच्या मळ्यांत रात्रीचे पाणी भरणाऱ्या माणसाला कुत्र्याचे मोल सांगावे लागत नाही. अशा वेळी “खर्च करा” किंवा “करू नका” असे एका शब्दात सांगणारा सल्लागार दोघांपैकी एकावर अन्याय करतो.

तपासणी कशासाठी?

आमच्या मते येथे मूळ चूक तपासणीकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे. तपासणी म्हणजे उपचार नव्हे. रक्त काढल्याने ताप उतरत नाही. तपासणी हे एका प्रश्नाचे उत्तर असते, आणि त्या उत्तराने आपल्या पुढील कृतीत फरक पडणार असेल तरच त्यासाठी पैसा मोजण्यात अर्थ आहे. म्हणून प्रत्येक तपासणीपूर्वी पशुवैद्यकास आदराने परंतु स्पष्टपणे चार गोष्टी विचाराव्यात. या तपासणीतून काय कळेल? ते कळल्यावर औषधयोजना बदलेल काय? बदलणार असलेली औषधयोजना आपल्याला परवडेल काय? आणि ही तपासणी आज केली नाही, तर उद्यापर्यंत काय बिघडेल? हे विचारण्यात पशुवैद्यकाचा अवमान नाही. जाणत्या पशुवैद्यकास असा पालक आवडतो.

त्या मळ्यावरील कुत्र्याच्या कानामागे गोचीड दाटून बसले होते. पावसाळ्यानंतर आपल्याकडे हे नित्याचे दृश्य आहे. तपकिरी गोचिडामुळे कुत्र्याला होणाऱ्या तापाचे मुख्य दोन प्रकार आहेत. एर्लिकिया नावाच्या जंतूमुळे ताप येतो, रक्तातील प्लेटलेट घटतात व नाकातून रक्त वाहू शकते. बबेसिया नावाच्या परजीवीमुळे तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या फिकट पडतात व लघवी कधी कधी लालसर होते. पहिल्यावर डॉक्सीसायक्लीन हे औषध साधारणपणे चार आठवडे द्यावे लागते, तर दुसऱ्यावर निराळीच औषधे लागतात. म्हणजे येथे तपासणीच्या उत्तराने कृती बदलते. परंतु पहिली पायरी म्हणून रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे व पेशींची मोजणी करणे पुरेसे असते, आणि त्यास फारसा खर्च येत नाही. काचपट्टीवर काही दिसले नाही म्हणजे रोग नाहीच, असे मात्र समजू नये. चिन्हे स्पष्ट असतील तर पशुवैद्यक उपचार सुरू करून दोन-तीन दिवस गुण येतो की काय ते पाहतात. महागडी चाचणी त्यानंतर, गुण न आल्यास.

लेखकाने एवढेच सुचविले की, यादी फाडून टाकू नये आणि सगळी एकदमही करू नये. तिची क्रमवारी लावून द्या, असे पशुवैद्यकास सांगावे. त्याप्रमाणे पहिल्या दोन तपासण्या झाल्या. प्लेटलेट फार कमी निघाल्या, एर्लिकियाचा उपचार सुरू झाला, आणि तिसऱ्या दिवशी कुत्र्याने भाकरीचा तुकडा तोंडात घेतला. उरलेल्या तपासण्यांची गरज पडली नाही.

उत्तर वाईट आले तर

प्रत्येक गोष्टीचा शेवट असा गोड होत नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच भागातील दुसऱ्या एका वस्तीवर खुडणीच्या हंगामात जमिनीवर पडलेली द्राक्षे मुलांनी कौतुकाने तरुण कुत्र्यास चारली. द्राक्षे व बेदाणे ही कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात, ही गोष्ट आपल्या द्राक्षाच्या मुलखातच फारशी कोणास ठाऊक नाही. सर्वच कुत्र्यांना बाधा होते असे नाही आणि किती द्राक्षांनी बाधा होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच ती मुळीच देऊ नयेत. द्राक्षातील टार्टारिक आम्ल यास कारण असावे, असे अमेरिकेतील पशुवैद्यकांनी २०२१ साली मांडले. खाल्ल्यावर काही तासांच्या आत उपचार मिळाल्यास जनावर वाचण्याची आशा असते. या कुत्र्यास ओकाऱ्या सुरू झाल्यावरही तीन दिवस घरगुती उपाय चालले. अखेर रक्ताची तपासणी झाली तेव्हा मूत्रपिंडांचे काम जवळजवळ थांबले होते.

येथे खर्च वाया गेला, असे घरच्यांना वाटले. आम्हांस तसे वाटत नाही. त्या एका तपासणीने पुढील सलाइने, प्रवास आणि खोटी आशा यांवरील मोठा खर्च टळला, आणि मुक्या जिवाचे हाल आणखी आठवडाभर लांबले नाहीत. आशा नाही हे निश्चित कळणे, हेही तपासणीचे फळ आहे. मात्र हीच तपासणी पहिल्या दिवशी झाली असती, तर कदाचित तिने जीव वाचविला असता. महाग काय आणि स्वस्त काय, हे पुष्कळदा वेळेवर अवलंबून असते.

काही तपासण्या तर बिनपैशाच्या आहेत. कुत्र्याने काय खाल्ले, बागेत कोणती फवारणी झाली, उंदरांसाठी विष ठेवले होते काय, लघवी झाली की नाही व तिचा रंग कोणता, हे पालकाने नीट सांगितले तर अर्धे निदान होते. विषबाधेचा संशय असल्यास औषधाचा डबा किंवा त्यावरील कागद बरोबर न्यावा. कुत्र्याच्या अंगाची उष्णता साधारणपणे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, हेही ध्यानात ठेवावे. माणसाच्या तापाच्या व अंगदुखीच्या गोळ्या त्यास देऊ नयेत. त्यांपैकी अनेक कुत्र्यास विषासमान आहेत.

जेथे तपासणीची वाट पाहावयाची नाही

एका रोगाच्या बाबतीत वरील सारा विचार बाजूस ठेवावा लागतो. तो रोग म्हणजे पिसाळणे, अर्थात रेबीज. जिवंत कुत्र्यावर खात्रीने विसंबता येईल अशी या रोगाची तपासणी नाही. निश्चित निदान मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीनेच होते. स्वभाव एकाएकी बदलला, लाळ गळू लागली, आवाज बदलला, गिळता येईना, तर घशात हाड अडकले असावे असे समजून तोंडात हात घालू नये. कुत्र्यास वेगळे बांधून वा कोंडून तत्काळ पशुवैद्यकास कळवावे. चावा किंवा ओरखडा झाला असल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. चावणारा कुत्रा १० दिवस नजरेखाली ठेवावा, परंतु माणसाची लस त्यासाठी थांबवू नये. येथे काटकसर म्हणजे प्राणाशी खेळ होय.

मर्यादा आणि कर्तव्य

आता पैशाविषयी. आम्हांस दोन्ही टोके मान्य नाहीत. “कुत्राच तो” असे म्हणून पोरासारखा वाढविलेला जीव उकिरड्याकडे सोडणे हे माणुसकीस शोभत नाही. जनावर उपासमारीने वा तहानेने तडफडेल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. उलट, शेजाऱ्याने शहरात नेऊन सर्व तपासण्या केल्या म्हणून आपणही सावकाराकडे जावे, हेही शहाणपण नव्हे. मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि महालक्ष्मी येथे २०२४ साली टाटा न्यासाचे अद्ययावत रुग्णालय सुरू झाले. सोय आहे ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सोय आहे म्हणून ती प्रत्येकाने वापरलीच पाहिजे, असा नियम नाही.

म्हणून घरातील सर्वांनी एकत्र बसून, दवाखान्यात जाण्यापूर्वीच, खर्चाची मर्यादा ठरवावी आणि ती पशुवैद्यकास न लाजता सांगावी. त्या मर्यादेत काय उत्तम करता येईल हे तो सांगू शकतो. मर्यादाच न कळल्यास तो सर्व यादी लिहून देतो. कुत्र्याचे वय, त्यास होणारा त्रास आणि बरे होण्याची शक्यता या तीन गोष्टी तुळईत घालाव्यात. मर्यादा संपली आणि आशाही संपली, तर वेदनाशामक औषध किंवा पशुवैद्यकाच्या हातून शांत मरण देणे हा कर्तव्याचाच भाग आहे. परवडले नाही यात लाज नाही. दुर्लक्ष केले यात आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या बाबतीत थोडे पुढे यावे. गावच्या बैठकीत गाईगुरांच्या लसीकरणाबरोबर कुत्र्यांच्या लसीचाही विषय घ्यावा. तीन महिने वयाला रेबीजची लस आणि नंतर पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणे दरवर्षी तिची पुनरावृत्ती, गोचिडावर वेळेवर औषध, अंगण व गोठ्याच्या भेगांची स्वच्छता, आणि द्राक्षे व विषारी औषधे कुत्र्याच्या तोंडापासून दूर, एवढ्या चार गोष्टी झाल्या तर महागड्या तपासणीचा प्रश्न पुष्कळ घरांत उद्भवणारच नाही.

पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. आपण सर्व काही नामदेव नव्हे, आणि तुपाची वाटी प्रत्येकाच्या घरी असतेच असे नाही. परंतु त्याचे दुखणे वेळेवर ओळखणे, योग्य प्रश्न विचारणे आणि आपल्या ऐपतीप्रमाणे शेवटपर्यंत त्याची सोबत करणे, एवढे तर गरिबातील गरीब शेतकऱ्यासही शक्य आहे. रात्रभर आपल्यासाठी जागणाऱ्याचे एवढे देणे आपण लागतोच.