वाशिममध्ये राजवाडा दिसत नाही. मग पाहुण्यांना दाखवायचे काय?

१/ बालाजीच्या दर्शनाला आलेला भाविक वाशिमच्या पद्मतीर्थावर थांबतो आणि सोबतच्या स्थानिकाला विचारतो, "ही वाकाटकांची राजधानी ना? मग त्यांचा राजवाडा कुठे आहे?" प्रश्न साधा आहे; उत्तर मात्र ताम्रपट, शिलालेख आणि अजिंठ्याच्या लेण्यांत विखुरलेले आहे. ते अर्ध्या तासात कसे सांगावे, याविषयी हा धागा.

२/ अशा वेळी दोन वाटा रुळलेल्या आहेत. एक गौरवाची: "सुवर्णयुग होते, महान सम्राट होते." दुसरी वंशावळीची: सर्वसेन, विंध्यसेन, प्रवरसेन, देवसेन, हरिषेण. पहिल्या वाटेने पाहुणा अभिमान घेऊन जातो, माहिती नाही. दुसऱ्या वाटेने तिसऱ्या नावापाशीच त्याचे लक्ष उडते.

३/ तिसरी वाट अधिक उपयोगाची आहे. 'काय घडले' याच्या जोडीला 'ते कसे कळले' हेही सांगावे. इतिहासाचा हा भाग क्लिष्ट समजून वगळला जातो; वस्तुतः सामान्य श्रोत्याला तोच सर्वाधिक धरून ठेवतो, कारण त्यात शोध असतो.

४/ उदाहरणार्थ, वाशिमचा ताम्रपट. तो १९३९ मध्ये उजेडात आला आणि वा. वि. मिराशी व द. बा. महाजन यांनी प्रसिद्ध केला. त्यात विंध्यशक्ती (दुसरा) हा सर्वसेनाचा पुत्र व प्रवरसेनाचा नातू असल्याचे नमूद आहे, आणि दान दिले ते 'वत्सगुल्म' येथून, म्हणजे आजच्या वाशिममधून.

५/ तोवर वाकाटकांची ही स्वतंत्र शाखा अभ्यासकांना ठाऊक नव्हती. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील लेख पूर्वीच वाचला गेला होता. पण झिजलेल्या अक्षरांत सर्वसेनाचे नाव ओळखता आले नव्हते. ताम्रपटाच्या आधारे मिराशींनी तो लेख पुन्हा तपासला आणि नाव जागेवर सापडले.

६/ पाहुण्याला हे सांगायला चार वाक्ये पुरतात. एका आजोबांची दोन घरे झाली. एक घर नागपूरकडे, दुसरे वाशिमला. दुसऱ्या घराची ओळख पुसली गेली. ती तांब्याच्या पत्र्यांवर पुन्हा मिळाली. यात काहीही खोटे नाही आणि काही महत्त्वाचे सुटलेलेही नाही.

७/ कालगणनेचा प्रश्न याहून अवघड. या ताम्रपटावर वर्ष आहे ३७. पण ते राजाच्या कारकिर्दीचे. "थोरलीच्या लग्नानंतर चौथ्या वर्षी विहीर खोदली," असे आजी सांगते, तसेच हे. लग्नाचे साल ठाऊक नसेल, तर विहिरीचेही कळत नाही. वाकाटकांचे बहुतेक लेख असेच आहेत.

८/ या कोड्याची किल्ली वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शिलालेखात मिळाली. देवसेन राजाच्या काळी स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने 'सुदर्शन' नावाचे तळे बांधल्याची ती नोंद आहे. त्यावर शक ३८० हे वर्ष आहे. गिरनारजवळच्या प्रसिद्ध तळ्याचेही नाव सुदर्शनच होते.

९/ शक आजही घरातल्या पंचांगावर छापलेला असतो. ३८० मध्ये ७८ मिळवले की ४५८. मोजण्याच्या पद्धतीनुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो; अभ्यासक सहसा इ.स. ४५७–५८ म्हणतात. ही बेरीज पाहुण्याकडूनच करून घ्यावी. स्वतः काढलेले साल तो सहसा विसरत नाही.

१०/ देवसेनाचा पुत्र हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. मात्र "वाकाटकांनी अजिंठा घडवला" असे म्हणू नये. तेथील काही लेणी कित्येक शतके आधीची आहेत, आणि या लेण्याचा दाताही राजा नव्हे, मंत्री आहे. अचूक वाक्य चुकीच्या वाक्याहून दोन-चार शब्दांनीच लांब असते.

११/ भाषेचेही तसेच. ताम्रपटाचा वंशावळीचा भाग संस्कृत, तर दानाचा तपशील प्राकृत आहे. "ही दीड हजार वर्षांपूर्वीची मराठी," असे सांगितले की टाळ्या मिळतात. पण ती मराठी नव्हे. प्राकृत आणि मराठीचे नाते आहे, एकरूपता नाही. नातेही पुरेसे रोमांचक आहे.

१२/ आणि दंतकथा? त्या गाळू नयेत. वेगळ्या ओळखू याव्यात. स्थानिक माहात्म्यात 'वत्सगुल्म' या नावाचा संबंध वत्स ऋषींच्या तपाशी जोडला आहे. कामसूत्रावरील जयमंगला टीका वत्स आणि गुल्म या दोन राजपुत्र बंधूंकडे बोट दाखवते. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की नावांभोवती कथा कशा जमतात, हे श्रोत्याला आपोआप कळते.

१३/ यावर आक्षेप येतो: यात्रेकरूला एवढा वेळ कुठे असतो? त्याला शंका नको, ठाम उत्तर हवे असते. आक्षेप अर्धा खरा आहे. वेळ खरोखरच कमी असतो. म्हणून पाचऐवजी एकच गोष्ट निवडावी. पण "हे लेखात आहे", "ही परंपरा आहे", "हा अभ्यासकांचा अंदाज आहे" हे सांगायला प्रत्येकी एक श्वास पुरतो.

१४/ अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांच्या अनुभवावरून फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ मध्ये लिहिले की अशा निरूपणाचे मुख्य उद्दिष्ट शिकवणे नसून विचाराला चालना देणे हे आहे. कीर्तनाची सवय असलेल्या महाराष्ट्राला हे नवे नाही. कीर्तनकार आख्यान रंगवतो, तरी मूळ अभंग कोणता आणि आपला विस्तार कोणता, हे श्रोत्याला कळत असते.

१५/ वाशिमसारख्या गावात हे अधिक निकडीचे आहे. अजिंठ्यात चुकीचे ऐकले तरी समोर भिंत असते. येथे सांगणाऱ्याचा शब्द हाच बहुतांशी पुरावा. तो शब्द एकदा फुगीर निघाला, की खरा ताम्रपटही संशयात सापडतो.

१६/ तेव्हा पद्मतीर्थावरच्या त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर असे: राजवाडा दाखवता येणार नाही, पण एका तळ्याचे साल तुम्हीच आत्ता काढू शकाल. पंचांग आहे का जवळ?