भिंतीवर वारली, रंगमंचावर काजळी

सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात मुखवटे आहेत, वाद्ये आहेत, मासे पकडण्याची साधने आहेत आणि माणसाएवढे पुतळेही आहेत. २०११च्या जनगणनेनुसार दादरा आणि नगर हवेलीतले सुमारे ५२ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. त्यांत वारली सर्वाधिक, शिवाय धोडिया, कोकणा, कातकरी. आत ज्याचा पुतळा आहे, तोच माणूस बाहेर खानवेलची बस पकडतो, बाजारहाट करतो, कारखान्यात शिफ्टला जातो. पुतळ्यासमोर पर्यटक रेंगाळतो. बसमधल्या माणसाची चौकशी कोणी करत नाही.

वारली रेघ मात्र सगळ्यांना हवी असते. दमणगंगेपासून मुंबईपर्यंत शाळांच्या कुंपणभिंती, पुलांचे खांब, हॉटेलांचे स्वागतकक्ष, साड्या, कप, वह्या, सगळीकडे दोन त्रिकोणांची ती माणसे तारपा वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरून नाचताना दिसतात. २०१० साली कोका-कोलानेही दिवाळीच्या जाहिरातीसाठी हीच शैली उचलली.

आणि याच शाळांच्या स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ ठरलेले असते. मुलांच्या तोंडाला काजळी किंवा काळा रंग, कमरेला झाडपाला, डोक्यात पिसे, हातात पुठ्ठ्याचे भाले. डहाणू, तलासरी किंवा नगर हवेलीतला कोणताही समाज असा पोशाख करत नाही. वारली बाई गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडे नेसते, हे पाड्यावर एकदा जाऊन आलेल्या शिक्षकालाही ठाऊक असते. तरीही दरवर्षी काळा रंग कालवला जातो, पालक टाळ्या वाजवतात, आणि प्रेक्षकांतले आदिवासी मूल स्वतःची ही ओळख मुकाट्याने बघते.

हा पोशाख जंगलातून आलेला नाही, तो छापखान्यातून आणि पडद्यावरून आला. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सने ‘वेताळ’ घरोघरी नेला. कवटीच्या सिंहासनावर गोरा नायक आणि भोवती त्याची राखण करणारे बुटके काळे जंगलवासी, हे चित्र मराठी मुलांच्या पिढ्यांनी आवडीने पाहिले. १९७८च्या ‘शालिमार’मध्ये नाचणाऱ्या ‘जंगली’ लोकांच्या तोंडी अर्थहीन अक्षरांचा कोरस आहे, आणि आजही तोच कोरस विनोद म्हणून आदिवासींच्या तोंडी घातला जातो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करत. आपल्या शाळांतला काळा रंग त्याच जातकुळीचा आहे, तो लावणाऱ्याला इतिहास माहीत नसला तरी.

हेतू वाईट नसतो, असे सांगितले जाते. नसेलही. पण २०१९च्या ‘बाला’मध्ये सावळ्या मुलीच्या भूमिकेसाठी भूमी पेडणेकरचा चेहरा काळा करावा लागला, तोही रंगावरून होणाऱ्या अपमानाविरुद्ध बोलणाऱ्या चित्रपटात. सावळ्या अभिनेत्री या देशात कमी आहेत का? १९७७च्या ‘जैत रे जैत’ने ठाकर समाजाला सन्मानाने पडद्यावर आणले, हे मान्य करायलाच हवे, नायक-नायिका मात्र मोहन आगाशे आणि स्मिता पाटील होते. त्याला आता पाच दशके होत आली. ठाकर, वारली, कातकरी नटाला मुख्य भूमिका देण्याचे धाडस मराठी निर्मात्यांनी अजून सवयीचे केलेले नाही.

खुद्द वारली चित्राकडे बघावे. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर काढलेल्या त्या माणसाला गोरेपणा नाही, काळेपणा नाही, नाकाची ठेवणही नाही. लग्नाचा चौक काढण्याचा मान सवाशिणींचा, मध्ये पालघाट देवी आणि सोबत लग्न लावणाऱ्या धवलेरीची गाणी. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली, आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आज हमरस्त्यांवरच्या भिंती बहुतेकदा ठेकेदाराचे रंगारी रंगवतात, आणि खाली नाव असते ते प्रायोजकाचे. चौक काढणाऱ्या बायका तर या हिशेबात कुठेच नाहीत.

मराठी मनातही सिल्वासाची एकच गोष्ट आहे: २ ऑगस्ट १९५४, पोर्तुगीजांविरुद्धचा लढा, सुधीर फडके आणि त्यांचे साथीदार, त्यासाठी लता मंगेशकरांनी पुण्यात केलेला कार्यक्रम. या शौर्याचा अभिमान रास्त आहे. पण ज्यांच्या जमिनीवर हे घडले, त्या वारली-कोकणांचा चेहरा या गोष्टीत सहसा दिसत नाही.

मुंबईतल्या आरे जंगलातल्या केल्टीपाड्याचे प्रकाश भोईर यांनी ‘स्वदेशी’ या तिथल्याच हिप-हॉप गटासोबत ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले. जंगलतोडीविरुद्धचे हे गाणे आदिवासी माणूस स्वतः गातो, त्याच्या वतीने दुसरे कोणी नाही. अशी गाणी झाली, तर काळ्या रंगाच्या डब्याची गरज कुणाला वाटणार नाही.

सिल्वासात २ ऑगस्टला मुक्तिदिन आणि आठवड्यातच, ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिन असतो. त्या आठवड्यासाठी जी भिंत रंगवायची, तिचे काम आणि मानधन थेट पाड्यावरच्या चित्रकारांना, त्यातही बायकांना द्यावे, कोपऱ्यात त्यांचे नाव आणि गाव लिहावे आणि काय काढायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे. तारपा काढायचा की कारखान्याची चिमणी, की मधुबन धरण, हा निर्णय प्रशासनाच्या फाईलमध्ये व्हायला नको.