दोन संगणकांच्या गप्पा?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या माणसानं भांडू नये असं आमच्या सौ.चं म्हणणं, पण आठवडा झाला तरी हे डोक्यातून जात नाही. तेव्हा लिहून मोकळा होतो. पुण्याच्या आमच्या पुतण्यांसारखा ज्यांना ह्या विषयाचा कंटाळा आहे, त्यांनी शेवटचा परिच्छेद तेवढा वाचावा. त्यात त्यांच्यासाठी काम आहे.

झालं असं की मागच्या रविवारी आम्हा हॅम मंडळींची एक बैठक होती. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन स्वतःच्या सेटवरून जगाशी बोलणारी माणसं. (जुन्या वाचकांना हे पाठ झालं असेल.) माझ्याबरोबर शेजारची नववीतली मुलगी होती. सेटला संगणक जोडून 'एफटी८' नावाच्या पद्धतीनं संदेश कसे जातात, ह्याचं प्रात्यक्षिक आम्ही दोघांनी ठरवलं होतं. परवाना माझा, त्यामुळे प्रक्षेपण मी करणार. समजावून सांगणार ती. तक्ते तिनंच रंगवले होते. तिनं तोंड उघडायच्या आत एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, ह्यात रेडिओ कुठं आहे? ह्या दोन संगणकांच्या गप्पा. माणूस चहाला गेला तरी ह्यांचं चालूच!" सगळे हसले. मीही सवयीनं थोडा हसलो. त्याची आता लाज वाटते. पोरीनं तक्ते गुंडाळले. रिक्षातून उस्मानपुऱ्याला परत येताना क्रांती चौकात तिनं विचारलं, "आजोबा, मग आपण करतो ते खोटं असतं का?"

तेव्हा काहीतरी थातुरमातुर बोललो. खरं उत्तर आज देतो.

आधी माझ्या कानांबद्दल. मी निवृत्तीनंतर हॅम झालो. मराठी माध्यमातला बी.ए.; ओहमचा नियम साठीला टेकल्यावर शिकलो, आणि मिनिटाला आठ शब्दांची मोर्सची परीक्षाही पास झालो. काही वर्षं फार मजेत गेली. मग कान गेले. म्हणजे पूर्ण नाही. उंच पट्टीचे आवाज कमी झालेत असं डॉक्टर म्हणाले. ऐकू येतं, पण कळत नाही. 'स', 'श', 'फ', 'थ' सगळे एकाच माळेचे मणी. आधीच आमच्या सेटवर आवाजाचा वरचा भाग कापलेला असतो, पावणेतीन हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही पलीकडे जातच नाही. त्यात बँडवरची खरखर. त्यात शहरातले एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर ह्यांनी ओतलेला कचरा. समोरचा आपली कॉलसाइन तीनतीनदा सांगतोय आणि मी आपला "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा". लोक दमून निघून जायचे. शेवटी सेटवर टॉवेल टाकला. दोन वर्षं तो तसाच होता.

मग भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप आणून दिला. सेटमधून येणारा आवाज संगणकात घेतला की पडद्यावर एक चित्र उमटतं, त्याला वॉटरफॉल म्हणतात. निळ्या पडद्यावर वरून खाली सरकणाऱ्या पिवळ्या रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे कुठंतरी सेटपुढं बसलेला एक माणूस. कान गेलेल्या माणसाला बँड दिसायला लागला, मंडळी! गच्चीवर दहा मीटरची तार आणि पाच वॉट शक्ती, म्हणजे रात्री झोपायच्या खोलीत लावतो त्या दिव्याएवढी. पहिल्याच संध्याकाळी जपान, आणि रात्री इटली. टॉवेल परत मोरीत गेला.

हे खोटं असेल तर खरं कशाला म्हणायचं ते मला कुणीतरी सांगा.

आता त्या चहाबद्दल. संदेशाची उलाढाल सुरू करायला दर वेळी माणसालाच कळ दाबावी लागते. आणि माणूस गप्प बसला तर ठरावीक वेळानं कार्यक्रम स्वतःच प्रक्षेपण थांबवतो. माझ्याकडे ती वेळ सहा मिनिटांची लावलेली आहे. आमच्या घरचा चहा सहा मिनिटांत होत नाही. असो.

पण मुद्दा त्याहून मोठा आहे. ह्यात कौशल्य नाही म्हणणाऱ्यांनी एकदा सेट आणि संगणक आपल्या हातानं जोडून बघावेत. मी पहिल्या दिवशी दुकानातून दोन्ही टोकांना पिन असलेली तयार तार आणली आणि सरळ ह्यातून त्यात घातली. दोन गोष्टी झाल्या. एक तर प्रक्षेपणात पन्नास हर्ट्झचं 'घूंsss' घुसलं. कारण संगणकाचं अर्थिंग वेगळीकडे, सेटचं वेगळीकडे, आणि दोघांमधला फरक त्या तारेच्या जाळीतून वाहायला लागला. दुसरं म्हणजे, संगणकातून बाहेर येणारा आवाज एखाद्या व्होल्टचा, आणि सेटच्या माइकच्या तोंडाला सवय व्होल्टच्या काही हजाराव्या भागाची. सेटवर एएलसी नावाचा एक काटा असतो. तो उजवीकडे जाऊन चिकटला. मला वाटलं, वा, काय शक्ती आहे! तेवढ्यात नागपूरच्या एका हॅमचा फोन. "काका, तुम्ही एकाच वेळी तीन जागी दिसताय." सातशे हर्ट्झचा माझा सूर अति जोरानं फाटला होता, आणि त्याची पिल्लं चौदाशेवर आणि एकवीसशेवर पडत होती. वर्गात एकच पोरगा तीन बाकं अडवून बसावा तसा मी दुसऱ्यांच्या जागा खात होतो.

मग साबणाच्या डबीत जोडणी केली. दोन लहान ट्रान्सफॉर्मर, ६०० ओहमचे, दोन्ही बाजूंचे वेढे सारखे. एक आवाज जाण्यासाठी, एक येण्यासाठी. आता संगणक आणि सेट ह्यांच्यात तांब्याचा संबंधच उरला नाही, आवाज नुसत्या चुंबकत्वानं पलीकडे उडी मारतो आणि घूं जागेवर बंद. माइकच्या बाजूला दहा हजार आणि शंभर ओहमचे दोन रेझिस्टर, म्हणजे आवाज शंभरावर एक. सेटला 'आता बोल' असं सांगणारी तिसरी तार ऑप्टोकप्लरमधून नेली. त्या एवढ्याशा चिपमध्ये एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला डोळा असतो. संगणक दिवा लावतो, डोळा तो बघून सेटची कळ दाबतो. इथंही तारेला तार लागत नाही. मग एएलसीचा काटा हलेनासा होईपर्यंत आवाज कमी केला. सूर पंधराशेच्या वर ठेवायला शिकलो, म्हणजे त्याचं पिल्लू तीन हजाराच्या पलीकडे पडतं आणि सेटची चाळणी ते बाहेर जाऊ देत नाही. संगणकाचं घड्याळ बरोबर लावायला शिकलो, कारण एफटी८ मध्ये सगळे पंधरा पंधरा सेकंदांच्या पाळीनं बोलतात, आणि घड्याळ दोन-तीन सेकंद चुकलं की पडदा कोरा राहतो. रेघा दिसतात, पण वाचता येत नाहीत.

हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये ही सगळी डबी आतच असते, एका यूएसबी तारेवर काम होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काटा त्यांनाही बघावाच लागतो. तो न बघणारे महागडे सेट घेऊन तीन बाकांवर बसलेले रोज दिसतात, आणि त्यात "ह्यात काय कौशल्य" म्हणणारेही असतात. नावं सांगत नाही.

एफटी८ कुणा आळशी माणसानं शोधलेलं नाही. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी ह्या दोघा हॅमनी ते २०१७ मध्ये आणलं. हे टेलर म्हणजे शाळकरी वयापासूनचे हॅम आणि पुढे पदार्थवैज्ञानिक झालेले गृहस्थ. १९७४ मध्ये त्यांना आणि रसेल हल्स ह्यांना दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पल्सार सापडला, आणि त्याबद्दल १९९३ चं नोबेल मिळालं. पल्सारचे संकेत खरखरीत गाडलेले असतात. ते बाहेर काढण्यात हयात गेलेल्या माणसानं तीच विद्या आम्हाला फुकट दिली. एफटी८ चा निरोप ७७ बिटांचा, पण पाठवताना तो १७४ बिटांचा होतो. वर्गात गोंगाट असेल तर आपण एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत दोनतीनदा सांगतो, म्हणजे ह्याला एक तुकडा ऐकू आला, त्याला दुसरा, तरी वाक्य जुळतं. तसंच काहीसं. संकेताची शक्ती खरखरीच्या शंभराव्या भागाएवढी उरली तरी निरोप उलगडतो.

नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश उभ्या आहेत, आपल्या महाराष्ट्राची शान. तिथं डिशला कान लावून कोणी बसलेलं नसतं. सगळा संकेत संगणकातच जातो. मग खोडदच्या शास्त्रज्ञांना "ह्यात खगोलशास्त्र कुठं आहे?" असं विचारायला आपले ज्येष्ठ सभासद कधी जाणार आहेत?

आणि मोर्स म्हणजे तरी काय हो? चालू आणि बंद. टिंब आणि रेघ. तेही डिजिटलच, फक्त उलगडणारं यंत्र आपल्या डोक्यात बसवलेलं. मी दोन्ही शिकलोय म्हणून बोलतो. मोर्सवाल्यांनी बोलणाऱ्यांना नावं ठेवली, जुन्या एएमवाल्यांनी सिंगल साइडबँड आल्यावर 'बदकाची बडबड' म्हणून हिणवलं, आणि आता साइडबँडवाले आमच्यावर घसरलेत. सासू-सुनेची गोष्ट आहे ही, दुसरं काही नाही.

टेलरना नोबेल मिळालं त्याच १९९३ सालची दुसरी आठवण सांगतो. ३० सप्टेंबरची पहाट, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) आम्ही काही शिक्षक मदतीला गेलो. उमरग्याच्या बाजूला एका तंबूत मी आयुष्यात पहिल्यांदा हॅम पाहिला. ट्रकची बॅटरी, झाडाला बांधलेली तार आणि पुढ्यात सेट. माणूस परराज्यातला, मराठी येत नव्हतं. माझं अक्षर बरं म्हणून मला याद्या लिहायला बसवलं. कोण हयात आहे, कोणाला कुठल्या दवाखान्यात हलवलंय, कोणत्या नातेवाइकाला कळवायचंय. मी नाव वाचायचं, तो एकेक इंग्रजी अक्षर ओरडून सांगणार. एका नावाला अर्धा मिनिट. मध्येच खरखर आली की पुन्हा पहिल्यापासून. एका घरचे 'माने' पलीकडे 'माळी' म्हणून लिहिले गेले, आणि ते दुरुस्त व्हायला दुसरा दिवस उजाडला. तोवर मान्यांच्या मुंबईच्या मुलाला काय वाटलं असेल, ह्याचा विचार अजून येतो. त्या माणसाला मी दोष देत नाही. दोन रात्री तो झोपला नव्हता, आणि तो नसता तर तेवढाही निरोप गेला नसता. त्याच्यामुळेच पुढे मी ह्या नादाला लागलो.

आज तीच यादी एकदा टाइप करता येते. संगणक तिचे तुकडे करतो, प्रत्येक तुकड्याला बेरजेचा पडताळा लावतो, आणि पलीकडचा फक्त खराब झालेले तुकडे परत मागतो. माने माने राहतात. ("आता मोबाइल आहेत ना काका" म्हणणाऱ्यांनी टॉवरच्या बॅटऱ्या वीज गेल्यावर किती वेळ टिकतात, ह्याची चौकशी करावी.) आणि ती यादी टाइप करायला कोण बसणार आहे? आम्ही म्हातारे? नववीतल्या पोरीच बसणार. तिलाच तुम्ही हसून परत पाठवलंत.

एक आरोप मात्र मान्य. एफटी८ मध्ये गप्पा नाहीत. कॉलसाइन, आपला चौकोन (जगाचे चौकोन पाडलेले असतात, आपल्या शहराचा एमके७९), संकेत कसा येतोय त्याचा आकडा आणि रामराम. पाऊस पडला का, हेही सहसा कुणी विचारत नाही. म्हणजे 'दोन संगणकांच्या गप्पा' हेसुद्धा चूकच, गप्पा असत्या तर! पण गप्पा हव्या असतील तर त्याच साबणाच्या डबीतून पीएसके३१ चालतं. इंग्लंडच्या पीटर मार्टिनेझ ह्यांनी ते १९९८ च्या सुमारास केलं. ह्या टोकाला टाइप करा, त्या टोकाला अक्षरं उमटतात.

आणि भांडायचंच असेल तर इथं भांडा की! मार्टिनेझनी इंग्रजीत जास्त येणाऱ्या अक्षरांना आखूड संकेत दिले. त्यामुळे रोमन लिपीत 'नमस्कार' दोन सेकंदांच्या आत जातो. देवनागरीतला न, म, स, हलन्त, क, काना, र, ह्या प्रत्येकाला संगणकात तीन तीन बाइट लागतात, आणि त्यातल्या प्रत्येक बाइटचा संकेत लांबलचक. हिशेब केला, आठ-नऊ सेकंद होतात. म्हणून हवेत आम्ही मराठी माणसंही रोमनमध्ये बोलतो. मराठीसाठी असे आखूड संकेत कुणी बसवायला हवेत. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे मोजायचं काम मी करीन, आयुष्यभर शुद्धलेखनच तपासलं आहे. ज्येष्ठांनी आपली बुद्धी ह्यात घालावी.

तर पुण्याच्या पुतण्यांनो, काम हे. दिवाळीला येताना बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा आणि ६०० ओहमचे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणा, एकास एक वेढ्यांचे. दोन लागतील, पण चार आणा, माझे हात थरथरतात आणि एखादा सोल्डर करताना जळतोच. पैसे आल्यावर देईन. साबणाची डबी पोरीनं आणून ठेवली आहे. गुलाबी आहे.